एक नाव, तीन स्पेलिंग : कोरियन 'सॉंगछॉल'चा उच्चार आणि अर्थ

कोरियातील बौद्ध धम्माविषयी इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या तरुणांना एक अडचण हमखास येते. विसाव्या शतकातील कोरियाच्या सर्वांत आदरणीय भिक्खूंपैकी एकाचे नाव एका पुस्तकात आपण 'सोंग चोल' असे वाचतो, दुसऱ्या लेखात 'सुंग चुल' आणि तिसऱ्या ठिकाणी 'सेओंगचेओल'. वाचणाऱ्याला वाटते, हे तीन वेगवेगळे भिक्खू असावेत. मराठीत लिहिणारा यातले एक रूप उचलतो, पुढचा लेखक दुसरे उचलतो आणि एकाच माणसाचे विचार तीन नावांखाली विखुरले जातात. प्रत्यक्षात व्यक्ती एकच आहे, नावही एकच. शिवाय रोमन अक्षरांवरून आपण बनवलेल्या या तीन रूपांपैकी एकही कोरियन माणसाच्या तोंडचे नाही.

कोरियन उच्चाराच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी रूप आहे 'सॉंगछॉल'. हे केवळ भिक्खूंचे नाव नाही. कोरियात ते पुरुषांचे नेहमीचे नाव आहे. प्राध्यापक, खेळाडू, सरकारी अधिकारी, दुकानदार अशा सगळ्यांत हे नाव सापडते. २०००च्या सुमारास अमेरिकेत दक्षिण कोरियाचे राजदूत असलेले यांग सॉंगछॉल हे एक उदाहरण. या लेखात आधी उच्चार पाहू, मग अर्थ, आणि मग ते भिक्खू.

उच्चार : गडबड कुठे होते?

कोरियन माणूस हे नाव आपल्या हंगुल लिपीत दोन ठोकळ्यांत लिहितो. पहिला ठोकळा 'सॉंग', दुसरा 'छॉल'. दोन्ही ठोकळ्यांत स्वर एकच आहे आणि सगळा घोळ त्या स्वराचा आहे. हा स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला. तोंड 'ऑ' म्हणण्याइतके उघडायचे, पण ओठांचा चंबू करायचा नाही. 'सॉंग'च्या शेवटी 'ग' वेगळा ऐकू येत नाही. 'वाङ्मय' या शब्दात जो ङ आपण नाकातून काढतो, तोच इथे आहे. 'छॉल'मधला छ मात्र खरा छ आहे, श्वास सोडून म्हटलेला.

हंगुलमध्ये यात काहीही संदिग्ध नाही. राजा सेजोंगने १४४३मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६मध्ये ती जाहीर केली. चिनी अक्षरे शिकायला सामान्य माणसाकडे वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून त्याला आपले म्हणणे लिहिता यावे असा हेतू राजाने स्वतः सांगून ठेवला आहे. दरबारातील काही विद्वानांनी याला विरोध केला. लिहिण्यावाचण्याची मक्तेदारी कुणाच्या हातात असते आणि ती सुटताना कोण ओरडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. या नव्या लिपीतील अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी एक म्हणजे तथागतांचे चरित्र. राणी सोहॉन वारल्यावर तिच्या स्मरणार्थ राजाच्या सांगण्यावरून राजपुत्र सुयांगने ते तयार केले, साल १४४७. राज्याचे अधिकृत धोरण कन्फ्यूशियसच्या बाजूचे आणि बौद्धांवर निर्बंध घालणारे होते, त्या काळात हे घडले.

तेव्हा कोरियन लिपीत अडचण नाही. अडचण सुरू होते ती नाव रोमन लिपीत उतरवताना, कारण रोमनमध्ये त्या स्वरासाठी अक्षरच नाही.

जॉर्ज मॅकक्यून आणि एडविन रायशॉअर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९३७मध्ये एक पद्धत बसवली. ती १९३९मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी या स्वरासाठी 'ओ' हे रोमन अक्षर घेतले आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी चंद्रकोर दिली. मराठी माणसाला ही युक्ती लगेच पटावी, कारण आपणही 'ऑ' लिहिताना काना देऊन वर चंद्रच काढतो. छसाठी त्यांनी 'सी-एच' लिहून पुढे एक उलटा स्वल्पविराम वर टांगला. पद्धत चांगली होती, पण टाइपरायटरवर ती चंद्रकोर नव्हती. छापखान्यातही कुणी तसदी घेत नसे. चंद्रकोर गळली, स्वल्पविराम गळला आणि उरले साधे 'सोंग चोल'. उत्तर कोरियात आजही नावे साधारण अशीच लिहिली जातात, तीही प्रत्येक अक्षर सुटे आणि मोठे करून.

चंद्रकोर गळण्याचे नुकसान मोठे आहे. कोरियनमध्ये साधा 'ओ' हा वेगळा स्वर आहे आणि 'सोंग' हा वेगळा शब्द. 'पॅरासाइट' चित्रपटातील अभिनेते सोंग कांग-हो यांचे आडनाव 'सोंग' आहे. 'सॉंग'शी त्याचा काही संबंध नाही. रोमनमध्ये चंद्रकोर नसली की दोघे एकाच माळेत बसतात.

दुसरी पद्धत कुणी बसवलेली नाही, ती लोकांनी आपापली केली. दक्षिण कोरियातील लोकांनी पासपोर्टवर, व्हिजिटिंग कार्डावर नाव लिहिताना इंग्रजी कान वापरला. इंग्रजी 'सन', 'बस', 'लंग' या शब्दांत 'यू' अक्षराचा जो उच्चार होतो, तो त्यांना आपल्या स्वराच्या जवळचा वाटला. म्हणून त्यांनी 'यू' घातला. इंग्रज वाचकासाठी हे ठीक होते. आपण मात्र रोमन 'यू' पाहिला की 'उ' वाचतो, कारण आपली नावे आपण तशी लिहितो. त्यातून आपल्याकडे 'सुंग चुल' जन्माला आले. आपल्या हातातला सॅमसंगचा फोन हा याच सवयीचा नमुना आहे. त्या नावातला 'संग' म्हणजे हाच 'सॉंग'. कंपनीच्या बाबतीत आपण योगायोगाने 'उ'ऐवजी 'अ' म्हणतो आणि कोरियन उच्चाराच्या बरेच जवळ जातो!

तिसरी पद्धत दक्षिण कोरिया सरकारची. सरकारने १९४८, १९५९ आणि १९८४ असे नियम बदलत नेले आणि शेवटी जुलै २०००मध्ये आजची पद्धत लागू केली. तिच्यात टाइपरायटरला किंवा संगणकाला जड जाणारी एकही खूण नाही. आपल्या स्वरासाठी 'ई' आणि 'ओ' ही दोन अक्षरे जोडीने लिहायची, एवढेच. ती जोडी 'एओ' अशी फोडून वाचायची नसते. दोन अक्षरे मिळून एक स्वर. राजधानीचे नावही असेच फोडावे लागते : 'एस-ई-ओ' हा एक तुकडा, 'यू-एल' हा दुसरा. उच्चार सॉ-उल. आपली वर्तमानपत्रे 'सेऊल' किंवा 'सोल' छापतात, ते याच जोडीने फसल्यामुळे.

पण सरकारी पद्धत रस्त्यांच्या पाट्यांना सक्तीची, माणसांना नाही. ज्याला आपले जुने स्पेलिंग ठेवायचे आहे त्याला ते ठेवता येते. त्यामुळे एकाच घरात बापाचे स्पेलिंग एक आणि मुलाचे दुसरे असे दिसते. कधी तर एकाच नावात दोन पद्धती मिसळतात. उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-उन यांच्या थोरल्या भावाचे नाव इंग्रजी बातम्यांत 'जोंग-चुल' असे येते. कोरियनमध्ये ते 'जॉंगछॉल' आहे, दोन्ही ठोकळ्यांत तोच एक स्वर. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'ओ' आणि दुसऱ्याला 'यू'. कोरियन येत नसलेला माणूस हे कधीच ओळखू शकणार नाही.

हे सगळे कोरियाच्या अभ्यासकांसाठी सोडून द्यावे, असे कुणाला वाटेल. पण आपल्या शब्दांवरच ही वेळ आली आहे. पाली 'झान' हा शब्द चीनमध्ये गेला आणि 'चान' झाला, जपानमध्ये 'झेन' झाला आणि कोरियात 'सॉन'. त्या 'सॉन'मध्ये हाच स्वर आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत चंद्रकोर गळाल्यावर तो 'एस-ओ-एन' असा छापला गेला. इंग्रजी वाचणाऱ्याला ते 'मुलगा' वाटते! नव्या पुस्तकांत तोच शब्द 'ई-ओ' जोडीने येतो. कोरियाच्या सर्वांत मोठ्या संघाचे नाव 'जोग्ये'. तेही जुन्या पुस्तकांत 'सी-एच'ने सुरू होते आणि नव्या पुस्तकांत 'जे'ने. ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर शोध घेणाऱ्याने दोन्ही स्पेलिंग टाकून पाहिली नाहीत, तर अर्धे साहित्य त्याला दिसतच नाही.

देवनागरीची बाजू इथे रोमनपेक्षा भक्कम आहे. आपल्याकडे च आणि छ वेगळे आहेत, ऑ आहे, ङ आहे. मराठीत लिहिणाऱ्याने रोमन स्पेलिंगवरून देवनागरी करण्याचे काही कारण नाही. कोरियन माणूस हे नाव कसे म्हणतो ते एकदा ऐकायचे आणि सरळ लिहायचे.

अर्थ : एका नावाचे अनेक अर्थ

'सॉंगछॉल' या नावाचा अर्थ काय, या प्रश्नाला एक उत्तर नाही. इंटरनेटवर मुलांच्या नावांच्या याद्या असतात. तिथे प्रत्येक कोरियन नावापुढे एक अर्थ लिहिलेला असतो. त्या यादीवर भरवसा ठेवून कुणी लेखात अर्थ टाकला, तर तो बहुधा अर्धवट ठरेल.

कारण असे. कोरियन नावे पूर्वापार चिनी अक्षरांवर आधारलेली आहेत. या अक्षरांना कोरियात हान्जा म्हणतात. हंगुल फक्त ध्वनी दाखवते, हान्जा अर्थ दाखवते. एकाच ध्वनीची अनेक हान्जा असतात. मराठीत 'कर' म्हटले तर तो हात असेल, सरकारचा कर असेल किंवा 'काम कर'मधला कर असेल, तसेच काहीसे. फरक इतकाच की आपण तिन्ही 'कर' सारखेच लिहितो आणि हान्जामध्ये प्रत्येकाचे चित्र वेगळे असते.

'सॉंग' या ध्वनीची कितीतरी अक्षरे नावांत येतात. एकाचा अर्थ 'सिद्धीस जाणे, पूर्ण होणे', दुसऱ्याचा 'पवित्र, संत', तिसऱ्याचा 'तारा', चौथ्याचा 'प्रामाणिकपणा', पाचव्याचा 'स्वभाव, मूळ प्रकृती', आणखी एकाचा 'तटबंदी'. सॅमसंगमधला सॉंग हा तारा आहे. 'साम' म्हणजे तीन, म्हणून कंपनीचे नाव 'तीन तारे'. 'छॉल'चेही तसेच. एक छॉल म्हणजे 'लोखंड'. सॉ-उलच्या भुयारी रेल्वेला 'जिहाछॉल' म्हणतात, शब्दशः 'जमिनीखालचे लोखंड'. दुसरा छॉल म्हणजे 'शहाणा, विवेकी'; तत्त्वज्ञानाला 'छॉलहाक' म्हणतात त्यातला. तिसरा 'आरपार जाणारा, तळापर्यंत पोचणारा'. चौथा 'नितळ पाणी'.

आता यांच्या जोड्या लावून पाहा. 'शहाणपण सिद्ध करणारा', 'पवित्र आणि विवेकी', 'लोखंडासारखा पक्का होणारा' हे सगळे सॉंगछॉलच. कोणत्या घराने कोणती जोडी निवडली ते त्या माणसाच्या नोंदवहीतच कळते. म्हणून कोरियन लोक ओळख करून देताना 'सॉंग म्हणजे कोणता सॉंग?' असे विचारतात आणि समोरचा ते सांगतो. यात कुणाला वावगे वाटत नाही.

निवड पूर्ण मोकळी नसते. जुन्या घराण्यांत एका पिढीतील सगळ्या भावांच्या, चुलतभावांच्या नावात एक अक्षर सारखे ठेवण्याची रीत होती आणि काही घरांत अजून आहे. वर ज्या भावांचा उल्लेख आला त्यांच्या नावांत 'जॉंग' सारखा आहे, तो असाच. म्हणजे दोनपैकी एक अक्षर वंशावळीने ठरवलेले, आईवडिलांच्या हाती उरते एकच. ही रीत मुख्यतः मुलग्यांसाठी होती, कारण वंशावळ पुरुषांच्या बाजूने लिहिली जायची. मुली बऱ्याचदा तिच्याबाहेर राहायच्या. 'छॉल' हे अक्षर पुरुषी मानले जाते त्यामागेही लोखंड आणि विद्वत्ता या दोन्ही गोष्टी पुरुषाच्या खात्यात टाकण्याची तीच जुनी समजूत आहे.

कायद्याचीही मर्यादा आहे. दक्षिण कोरियात १९९१पासून मुलाच्या नावासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या यादीतलीच हान्जा नोंदवता येतात. २०१५पर्यंत ही यादी ८,१४२ अक्षरांपर्यंत वाढली. अलीकडे अनेक पालक हान्जा टाळून शुद्ध कोरियन शब्दांची नावे ठेवतात. 'हानुल' म्हणजे आकाश, असे. उत्तर कोरियाने तर १९४०च्या दशकाच्या शेवटीच छापील मजकुरातून हान्जा काढून टाकली. त्यामुळे तिथल्या एखाद्या सॉंगछॉलचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगताच येत नाही.

भिक्खू सॉंगछॉल

आता ज्यांच्यामुळे हे नाव आपल्यापर्यंत आले, त्या भिक्खूंकडे येऊ. सॉंगछॉल हे त्यांचे जन्मनाव नव्हे. ते १९१२मध्ये दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतातील सान्छॉंग इथे जन्मले, तेव्हा त्यांचे नाव ठेवले यॉंगजू. आडनाव 'ई', जे इंग्रजीत 'ली', 'यी' किंवा 'ऱ्ही' असे लिहिले जाते; त्या आडनावाची कहाणी म्हणजे वेगळ्या लेखाचा विषय. लग्न झालेले होते. १९३६मध्ये हेइन्सा विहारात दोंगसान या आचार्यांकडे त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि 'सॉंगछॉल' हे धम्मनाम मिळाले. कोरियनमध्ये धम्मनामाला 'बॉपम्यॉंग' म्हणतात. 'बॉप' म्हणजे धम्म, 'म्यॉंग' म्हणजे नाव.

हेइन्सा हे विहार गाया नावाच्या डोंगरावर आहे. तेराव्या शतकात लाकडी फळ्यांवर कोरलेले संपूर्ण त्रिपिटक तिथे जपून ठेवले आहे. फळ्यांची संख्या ८०,०००हून जास्त. डोंगराचे नाव जवळच्या प्राचीन गाया राज्यावरून आले असे काही म्हणतात, बुद्धगयेवरून आले असे काही. १९८८मध्ये सॉंगछॉल यांच्या प्रवचनांचे जे इंग्रजी पुस्तक निघाले त्याच्या नावातही हा डोंगर आहे, आणि तिथे लेखकाचे नाव चंद्रकोर गळालेल्या जुन्या स्पेलिंगने छापले आहे.

त्यांच्या नावाची हान्जा नेहमीच्या सॉंगछॉलपेक्षा वेगळी. 'सॉंग' म्हणजे इथे स्वभाव, मूळ प्रकृती. या अक्षरात डावीकडे मनाची खूण आणि उजवीकडे जन्माची, जगण्याची. 'छॉल' म्हणजे आरपार. मिळून अर्थ होतो, आपल्या स्वभावाच्या तळापर्यंत पोचणारा. सॉन परंपरेत एक सूत्रवजा शब्दप्रयोग आहे : 'ग्यॉनसॉंग सॉंगबुल'. स्वभाव पाहणे आणि बुद्ध होणे. यात 'सॉंग' दोनदा आला, पण पहिला 'स्वभाव' आणि दुसरा 'सिद्ध होणे'. कानाला एक, डोळ्याला दोन. रोमनमध्ये किंवा देवनागरीत लिहिले की हा फरक नाहीसा होतो.

'स्वभाव' किंवा 'मूळ प्रकृती' हा शब्द ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडेल. बुद्धांनी आत्मा नाकारला, मग हा मागच्या दाराने आत आला की काय? शंका रास्त आहे आणि महायान परंपरेत यावर शतकानुशतके वाद झाले आहेत. सॉंगछॉल यांनी १९६७मध्ये हेइन्सामध्ये शंभर दिवस प्रवचने दिली. त्यांचा गाभा होता मध्यम मार्ग. शाश्वत आत्मा आहे हे एक टोक, मेल्यावर सगळे संपले हे दुसरे टोक, आणि बुद्धांची शिकवण या दोन्ही टोकांना सोडते, अशी मांडणी त्यांनी तिथे केली. त्यांच्या लेखी 'स्वभाव पाहणे' म्हणजे शरीरात लपलेली एखादी अविनाशी वस्तू शोधणे नव्हते. मराठी अनुवादकाने म्हणूनच या ठिकाणी 'आत्मस्वरूप' असला शब्द वापरू नये. तो शब्द वापरला की वाक्य मराठीत सुंदर होते आणि अर्थ थेट वेदान्तात जाऊन पडतो.

'छॉल'बद्दल सांगायचे तर ते अक्षर या माणसाला शोभले. सॉन परंपरेतील थोर आचार्य जिनुल यांचे म्हणणे होते की बोध एकदम होतो, पण नंतर साधना हळूहळू पूर्ण करावी लागते. कोरियात हे मत आठशे वर्षे मान्य होते. सॉंगछॉल यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात त्याला उघड विरोध केला. बोध झाला असेल तर काही शिल्लक उरत नाही आणि शिल्लक उरले असेल तर तो बोध नव्हे, अशी त्यांची भूमिका. आरपार म्हणजे आरपार. हे मत सगळ्यांना पटले नाही, त्यावरची चर्चा अजून चालू आहे. माझ्या मते साधकाला जिनुल अधिक उपयोगी पडतात, पण आपल्याच परंपरेच्या आधारस्तंभाला प्रश्न विचारण्याची सॉंगछॉल यांची तयारी मला मोठी वाटते.

तशीच तयारी त्यांनी १९४७मध्ये दाखवली होती. बोंगाम्सा विहारात काही तरुण भिक्खूंनी मिळून ठरवले की बुद्धांनी सांगितले तसेच जगायचे. शेतीची, लाकूडफाट्याची कामे स्वतः करायची. विहारात शिरलेली बुद्धांशी संबंध नसलेली पूजा बंद करायची. डोंगराच्या देवाची आणि सात ताऱ्यांच्या देवतांची चित्रे त्यांनी विहारातून बाहेर काढली. सात ताऱ्यांना कोरियनमध्ये 'छिलसॉंग' म्हणतात. हा सॉंग म्हणजे सॅमसंगमधला तारा. पुढे नऊ वर्षांनी नागपुरात जे घडले त्याची या तरुणांना कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्या वाचकाला बोंगाम्सातील ती चित्रे उतरवण्याची गोष्ट ओळखीची वाटेल.

१९८१मध्ये जोग्ये संघाने त्यांना सर्वोच्च आचार्यपद दिले. राजधानीतील समारंभाला ते गेलेच नाहीत, संदेश पाठवला आणि डोंगरावर राहिले. भेटीला येणाऱ्याने आधी बुद्धमूर्तीपुढे तीन हजार वेळा वंदन करावे, अशी त्यांची अट होती. मंत्र्यासंत्र्यांनाही सूट नव्हती. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी हेइन्सामध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलीनेही पुढे दीक्षा घेतली. वडिलांनी तिला दिलेले नाव 'बुलपिल', अर्थ 'गरज नाही'. कोरियन धम्मनामे नेहमी गोड असतात असे समजणाऱ्यांनी हे एक लक्षात ठेवावे.

आडनाव सोडणे आणि आडनाव हिसकावणे

धम्मनाम मिळाल्यावर भिक्खूचे घरचे आडनाव मागे पडते. लोक त्यांना 'सॉंगछॉल सुनीम' म्हणत. 'सुनीम' म्हणजे आपण 'भंते' म्हणतो तसे आदराचे संबोधन. आडनाव लिहायची वेळ आली तर कोरियातील भिक्खू 'सॉक' लिहितात. सॉक म्हणजे शाक्य. व्हिएतनाममधील भिक्खूंच्या नावाआधी 'थिक' येते, जसे थिक न्हात हान्ह, चीनमध्ये 'शी'. तिन्ही एकाच अक्षराचे उच्चार आहेत.

ही रीत चौथ्या शतकातील चिनी आचार्य दाओआन यांनी घालून दिली. त्याआधी तिथले भिक्खू आपापल्या गुरूचे आडनाव लावत आणि गुरुपरत्वे ती आडनावे वेगवेगळी होत. दाओआन म्हणाले की सगळ्यांचा गुरू एक, शाक्यमुनी, तर सगळ्यांचे आडनाव एक असावे. पुढे आगम ग्रंथांचा अनुवाद झाला तेव्हा त्यात याला आधार सापडला : नद्या समुद्राला मिळाल्यावर त्यांची नावे उरत नाहीत, तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की शाक्यपुत्र होतात. पाली त्रिपिटकातही हा दृष्टान्त आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तोच समोर ठेवला होता. आपल्याकडे जात सांगणारे आडनाव बदलावे की ठेवावे यावर अजून घरोघरी वाद होतात. पूर्व आशियातील संघाने हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका अक्षरात सोडवला, निदान चीवर घेतलेल्यांपुरता.

यॉंगजूने आपले नाव १९३६मध्ये स्वतःहून सोडले. त्यानंतर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९४०पासून, कोरियावर राज्य करणाऱ्या जपानी सरकारने सगळ्या जनतेला जपानी पद्धतीची नावे घ्यायला लावली. कायद्यात ती ऐच्छिक म्हटली होती. प्रत्यक्षात नाव न बदलणाऱ्याच्या मुलांना शाळेत, त्याला स्वतःला नोकरीत आणि कचेरीत त्रास व्हायचा. सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नावे नोंदवली. १९१०पासून चालत आलेली जपानी सत्ता १९४५मध्ये संपली, आणि ऑक्टोबर १९४६मध्ये दक्षिणेत जुनी नावे परत देण्याचा आदेश निघाला. ज्यांच्या आजोबांना स्वतःचे नाव पाच वर्षे उघड लावता आले नाही, ते लोक रोमन स्पेलिंगच्या बाबतीत सरकारचा नियमही सक्तीने मानत नाहीत, याचे मग आश्चर्य वाटत नाही. कोरियन माणसाला पत्र लिहिताना म्हणूनच त्याने स्वतः जे स्पेलिंग ठरवले असेल तेच लिहावे, 'यू' असो की 'ई-ओ'. नियमाप्रमाणे दुरुस्त करून पाठवू नये. मराठीत लिहिताना मात्र उच्चार धरावा आणि कोरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी, नाव नंतर ठेवावे.

नावे भारतातून कोरियाकडेही गेली आहेत. ३८४मध्ये बेक्जे राज्यात पहिल्यांदा धम्म नेणाऱ्या भिक्खूंचे नाव कोरियन 'मारानान्ता' असे उच्चारतात. ते भारतीय होते असे कोरियन परंपरा मानते. चार चिनी अक्षरांत त्यांचे नाव इतिहासग्रंथात उतरवले गेले, पण ती अक्षरे ध्वनीपुरती वापरलेली आहेत. त्यांच्या हान्जा अर्थाचा काही उपयोग नाही. शेवटचे 'नान्ता' म्हणजे 'नंद' असावे, असा अंदाज करता येतो. त्यांची आई त्यांना कोणत्या नावाने हाक मारत होती, याबद्दल अभ्यासक अजूनही तर्कच करतात.